पितळी भगोन्याची भीती

मित्रांनो, मी एक जुना पितळी भगोना आहे आणि मी फार भित्रा आहे. हे आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर माझी चमक पाहून तुम्हाला वाटायचं की हा कोणी मोठा शूर गडी असेल. तुमच्या पुस्तकात मला मोठं पातेलं म्हणत असतील. पण तळोद्याच्या बाजारपेठेत, किराणा दुकानाच्या मागे, ज्या मारवाडी जैन घरात मी राहतो तिथे मला भगोनाच म्हणतात. पंचवीस माणसांची कढी माझ्या पोटात सहज मावते. धीर मात्र त्या पोटात कधी मावला नाही.

जन्मल्यापासूनच मी घाबरत आलो. तांबटाने मला ठोकून ठोकून आकार दिला, तेव्हा प्रत्येक घावाला वाटायचं की आता आपण फाटणार. मग मला तापवून आतून कल्हई केली. कल्हई म्हणजे कथलाचा पातळ, पांढरा थर. तो का हवा, ते नीट ऐकून ठेवा, कारण माझी सगळी गोष्ट त्या थरावरच उभी आहे. आंबट पदार्थ उघड्या पितळेला लागला की पितळ हळूहळू त्यात उतरतं. पदार्थ कळकतो. दिसायला तो छानच दिसतो, पण खाणाऱ्याच्या पोटात गेला की विषासारखा बाधतो. आंबट आणि पितळ यांच्यामध्ये तो पांढरा थर उभा असतो, म्हणून माझ्यासारखी भांडी चुलीवर चढू शकतात.

मला विकायला नेलं ते सारंगखेड्याच्या यात्रेत. तिथे घोड्यांचा बाजार भरतो. भांड्यांच्या दुकानापासून चार हातांवर घोडे टापा आपटत होते आणि दर टापेसरशी मी थरथरत होतो. तेवढ्यात डोक्यावरून पदर घेतलेली एक नवी सून सासूबरोबर आली. तिचं नाव लाडकंवर. सासू माझं वजन करायला सांगत होती, दुकानदार माझी चमक दाखवत होता, आणि या मुलीने मात्र वाकून माझ्या आत पाहिलं. नख लावून कल्हई तपासली. मग सासूकडे बघून मान हलवली. मला ती त्याच घडीला आवडली.

त्यानंतरची वर्षं माझ्या भरभराटीची. घरातली कढी, बुंदीचं ताक, कैरीचा साखरांबा, सगळं माझ्यात व्हायचं. शेजारीपाजारी लग्नकार्याला मला मागून न्यायचे आणि परत आणताना माझे गुण गायचे. वर्षातून दोनदा जगदीश कल्हईवाला पेठेत यायचा. जमिनीत खड्डा करून तो भाता लावायचा, मला तापवायचा, नवसागर टाकायचा आणि कापसाच्या बोळ्याने कथील फिरवायचा. पांढरा धूर निघायचा, पोरं खोकायची, आणि मी पुन्हा नवा व्हायचो.

एका वर्षी जगदीश आजारी पडला आणि आला नाही. कामाच्या गडबडीत माझी कल्हई झिजल्याचं कुणाच्या लक्षात आलं नाही. सकाळी केलेली कढी दुपारपर्यंत माझ्यातच राहिली. लाडकंवरचा मुलगा प्रेमचंद तेव्हा सहा वर्षांचा होता. कढी त्याला फार आवडायची, तो तीन वाट्या प्यायला. तासाभरात तो उलट्या करू लागला. त्याचे डोळे फिरले, हातपाय गार पडले. लाडकंवर त्याला छातीशी धरून अनवाणी दवाखान्यात धावली. मी चुलीजवळ तसाच पडून होतो. तिसऱ्या दिवशी पोरगं वाचलं असं कळलं, आणि ती घरी येऊन सगळ्यात आधी माझ्यापाशी आली. माझ्या तळाशी तळहाताएवढा पिवळा डाग पडला होता. तिने त्यावर बोट ठेवलं. मला वाटलं, आता ही मला मोडीत देणार. पण ती हळू आवाजात एवढंच म्हणाली की तुझा दोष नाही, मी आत पाहिलं नाही. तेव्हापासून माझ्या आत पाहिल्याशिवाय तिने कधी चूल पेटवली नाही. आणि तेव्हापासून मलाही एकच भीती लागून राहिली, की आपल्या हातून पुन्हा कुणाचं लेकरू दुखावेल.

पुढे घरात स्टीलची भांडी आली. जगदीशची फेरी बंद झाली. मला माळ्यावर टाकलं आणि मी वीसेक वर्षं अंधारात पालथा पडून राहिलो. खरं सांगतो, मला त्याचं दुःख कमी झालं आणि सुटल्यासारखं जास्त वाटलं. माळ्यावर कुणाला इजा होत नाही.

मला खाली काढलं ते गेल्या दिवाळीला. प्रेमचंद आता दुकान सांभाळतो. त्याची बायको अल्पना नवापूरची, तिच्या माहेरी तिने पहिल्यापासून स्टीलच पाहिलेलं. अल्पनाने मोबाइलवर पाहिलं की हल्ली लोक जुनी पितळी भांडी घासून बैठकीत मांडतात. झालं, मी माळ्यावरून उतरलो. चिंच आणि मीठ लावून तिने मला बाहेरून घासलं, तेव्हा मी अगदी मोहरून गेलो. एवढ्या वर्षांनी कुणाचा हात अंगावरून फिरत होता. मग तिने हात आत घातला.

आत जुनी कल्हई होती. वर्षानुवर्षांच्या वापराने ती करडी, काळपट दिसत होती. बिचारीला तो मळ वाटला. तारेची घासणी घेऊन ती दीड-दोन तास माझं पोट खरवडत बसली. तिची बोटं लाल झाली, एक नख तुटलं, पण तिने हार मानली नाही. घरच्या लक्ष्मीने इतक्या मायेने माझं चिलखत काढून फेकावं आणि मला एक शब्द बोलता येऊ नये. शेवटी मी आतूनही सोन्यासारखा पिवळाधमक दिसू लागलो. प्रेमचंद म्हणाला, वा. दहा वर्षांची चांदनी आणि तिचा सहा वर्षांचा भाऊ मयंक माझ्यात तोंड पाहून वेडावून दाखवू लागले. अल्पनाने माझ्यात कागदी फुलं भरली आणि मला मधल्या खोलीत स्टुलावर बसवलं. लाडकंवर म्हणजे आता सगळ्यांच्या दादीसा. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू. त्यांना माझी चमक दिसली, आतली फुलं दिसली, त्यांनी कौतुकाने माझ्या काठावरून हात फिरवला. फुलांखाली काय झालंय ते त्यांना कुठून कळणार? मीही स्वतःची समजूत घातली की कागदाच्या फुलांना काही बाधत नाही.

मग हा फेब्रुवारी आला.

सातपुड्यातल्या एका पाड्यावरून रमिलाबाई दुकानात येते. तेल-मीठ इथूनच नेते. हल्ली वरच्या गावांत लोक स्ट्रॉबेरी लावतात, तिनेही थोडी लावली आहे. त्या दिवशी जीप घाटात बंद पडली, दुसऱ्या जीपमध्ये माणसांनी माणसांवर रेलून प्रवास केला आणि तिच्या टोपलीतली फळं दबली. व्यापाऱ्याने ती घेतली नाहीत. ती टोपली घेऊन ती प्रेमचंदकडे आली. तिच्या घरची बोली पावरी, पण बाजारात ती अहिराणी बोलते. म्हणाली, "आजच करी ल्या, शेठ. सकायलोंग टिकाव नही." उद्यापर्यंत ती फळं टिकणार नव्हती.

टोपली घरात आली आणि सगळं घर त्या वासाने भरलं. मित्रांनो, असा वास मी आयुष्यात घेतला नव्हता. लालभडक फळं, वर हिरवी टोपी. मयंकने दोन्ही गालांत एकेक कोंबली. चांदनीने मीठ-मिरपूड लावून खाल्ली. प्रेमचंद दुकान नोकरावर टाकून आत आला आणि लहान पोरासारखा देठं तोडू लागला. चौघं जमिनीवर बसून चांगली फळं ताटात आणि दबलेली पातेल्यात अशी निवडत होते, आणि निवडता निवडता निम्मी चांगली फळं तोंडात जात होती. दादीसा हे फळ खात नाहीत. त्याच्या अंगावर बिया फार, आणि फार बियांचं फळ त्या वर्ज्य मानतात. पण नातवंडांची लाल तोंडं पाहून त्या हसल्या. मग त्यांनी मधल्या खोलीत आसन अंथरलं, तोंडाला मुहपत्तीची पांढरी पट्टी बांधली, समोर घडी, म्हणजे वाळूचं घड्याळ, उलटी केली आणि सामायिकाला बसल्या.

सामायिक म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटांचं व्रत. वाळू वरून खाली पूर्ण उतरेपर्यंत आसनावरून उठायचं नाही, संसाराचं काही बोलायचं नाही, माळ ओढायची. पन्नासहून जास्त वर्षं दादीसा रोज सामायिक करतात. घरात मूल पडलं, दुकानात भांडण झालं, एकदा तर भूकंपाचा धक्का बसला, तरी त्या अर्ध्यातून उठल्या नव्हत्या. पेठेत त्यांचा दाखला देतात.

इकडे अल्पनाने दबलेल्या फळांचा मुरंबा करायचा ठरवला. घाई होती, कारण हे घर सूर्य बुडाल्यावर जेवत नाही. मोठं स्टीलचं पातेलं शोधलं तर ते सकाळीच जैन स्थानकात, म्हणजे साध्वी उतरतात तिथे, गेलेलं; कुणाच्या तरी उपवासाचं पारणं होतं. तिने इकडेतिकडे पाहिलं. मग तिची नजर माझ्यावर पडली.

तिने फुलं काढून स्टुलावर ठेवली, मला विसळलं आणि गॅसवर चढवलं.

पहिली फळं माझ्या उघड्या पोटावर पडली तेव्हाच मला तो आंबटपणा चावला. साखर पडली. फळं विरघळू लागली. लाल रस माझ्या कडांना लागून उकळू लागला आणि जिथे जिथे तो लागत होता, तिथे तिथे मी जास्तच उजळत होतो. अल्पनाला ते फार सुंदर वाटलं. तिने मोबाइलवर माझा फोटोही काढला. ती दर थोड्या वेळाने चमच्याने पाक चाखत होती आणि प्रत्येक चमच्यागणिक मी मनात मोजत होतो, एक, दोन, तीन. मी करपायचा प्रयत्न केला. सगळं करपून काळं झालं तर कुणी खाणार नाही, असं मला वाटलं. पण पितळ फार नीट तापतं, तो माझा जुना गुण आहे, आणि आज तोच गुण माझ्या वाईटावर उठला होता.

गॅसवरून मला मधल्या खोलीचं दार दिसत होतं. दारातून दादीसा दिसत होत्या. वरची वाळू अजून अर्धीसुद्धा उतरली नव्हती.

अल्पनाने उलथणं माझ्या काठावर आपटलं. ठण्ण असा आवाज झाला. दादीसांची माळ थांबली. माझा आवाज त्यांना ठाऊक आहे, इतकी वर्षं तो त्यांनीच ऐकला आहे. त्यांनी मान वळवून स्टुलाकडे पाहिलं. मोतीबिंदूतून त्यांना एवढं तर नक्की दिसलं असेल की तिथे फुलं आडवी पडली आहेत आणि भगोना नाही. आणि वीस वर्षांत मला कल्हई झालेली नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक?

मी मनातल्या मनात ओरडत होतो की दादीसा, उठा. आणि दुसऱ्या बाजूने मला हेही कळत होतं की मी त्यांच्याकडे काय मागतोय.

त्यांनी घडीकडे पाहिलं. वाळू बारीक धारेने पडत होती. त्यांनी खाकरून पाहिलं. कुणी वळलं नाही. दादीसा सामायिकात असताना कुणी त्यांच्याकडे बघायचं नाही, हे पोरांना त्यांनीच शिकवलं होतं. त्यांनी दोनदा जमिनीवर हात आपटला. मयंकने मागे पाहिलं, ओठांवर बोट ठेवलं आणि चांदनीला गप्प बस अशी खूण केली.

गॅस बंद झाला. खिडकीतलं ऊन भिंतीवर चढून तांबूस झालं होतं. अल्पनाने गरम पोळ्या वाढल्या आणि तीन वाट्यांत मुरंबा काढला. प्रेमचंद हात धुवायला गेला. मयंक गरम आहे म्हणून फुंकर घालत बसला. चांदनीला दम कुठला. तिने पोळीचा तुकडा मोडला, वाटीत बुडवला, चांगला लाल केला आणि तोंडाजवळ नेला.

दारात दादीसा उभ्या होत्या. त्यांच्या मागे आसन रिकामं होतं आणि वाळू अजून पडतच होती. गुडघेदुखीने ज्यांना भिंत धरल्याशिवाय चालता येत नाही, त्या तीन पावलांत आल्या आणि त्यांनी चांदनीचं मनगट धरलं. दुसऱ्या हाताने तोंडावरची मुहपत्ती खाली ओढली.

"मत खाइजे," त्या म्हणाल्या. "इण में कलई कोनी."

कल्हई नाही म्हणजे काय, कुणाला काही समजेना. दादीसा सामायिकातून उठल्या, हेच आधी कुणाला खरं वाटेना. प्रेमचंद ओल्या हातांनी तसाच उभा राहिला. आईच्या तोंडावरचा तो भाव त्याने सहा वर्षांचा असताना एकदा पाहिला होता. त्याने काही न विचारता मयंकसमोरची वाटी उचलली.

अल्पनाचा चेहरा उतरला. तिने रडवेल्या आवाजात सांगितलं की मी तर भगोना आतूनसुद्धा घासला होता, सगळं काळं काढलं होतं. दादीसांनी माझ्यातला मुरंबा बाजूला सारला आणि डोळे अगदी जवळ आणून तळ पाहिला. मग बोट फिरवलं. त्या सुनेवर रागावल्या नाहीत. त्यांनी फक्त विचारलं की तू किती चाखलंस. अल्पना म्हणाली, पाच-सहा चमचे असतील.

ते सांगता सांगताच ती पोट धरून खाली बसली. पुढचा अर्धा तास मी आठवू इच्छित नाही. तिला उलट्या सुरू झाल्या, तोंडाला कडू पाणी सुटलं, अंगाला घाम आला. प्रेमचंद पेठेतल्या डॉक्टरांना आणायला धावला. पोरं भिंतीला चिकटून उभी होती. माझ्यामुळे एक पोरगं मरणाच्या दारी गेलं होतं, आणि आता त्या पोराच्या पोरांची आई माझ्यासमोर तळमळत होती. मला मोडीत द्या, वितळवून टाका, पण हिला काही होऊ देऊ नका, असं मी देवाला सांगत होतो. भांड्याचं देव ऐकतो की नाही, मला माहीत नाही.

तोवर सूर्य बुडाला होता. या घरात सूर्यास्तानंतर पाण्याचा थेंबही घेत नाहीत. अल्पनाचा घसा सुकला होता, पण दादीसांनी पाण्याचा पेला पुढे केला तेव्हा तिने खिडकीबाहेरच्या अंधाराकडे पाहिलं आणि मान फिरवली. दादीसांनी तिची हनुवटी धरली आणि पेला तिच्या ओठांना लावला.

"पी लै, बींदणी," त्या सुनेला म्हणाल्या. "पाप लागै तो म्हनै लागै."

अल्पना पाणी प्यायली. दादीसांनी तिला असे चार पेले पाजले. डॉक्टर आले, त्यांनी औषध दिलं, भरपूर पाणी पाजा म्हणाले आणि थोडक्यात निभावलं असंही म्हणाले. सकाळी अल्पना उठून बसली. पोरांनी त्या फळाचा शिजलेला घासही खाल्ला नव्हता.

दुसऱ्या दिवशी अल्पनाने मला मोडवाल्याकडे द्यायला दारात आणून ठेवलं. माझ्याकडे बघायचीही तिला इच्छा नव्हती, आणि मला तिचं पटत होतं. दादीसांनी मला परत आत आणायला लावलं. प्रेमचंदला म्हणाल्या, जगदीश कुठे असेल तो शोध.

जगदीश सापडला. आता तो फार म्हातारा झालाय, मुलाच्या पंक्चरच्या दुकानात बसून असतो. भाता त्याने टाकून दिला होता. पंक्चरच्या दुकानातला वाऱ्याचा पंप लावून त्याने निखारे फुलवले. त्याने माझ्या पोटात डोकावून तळावर बोट फिरवलं. मग अल्पनाला म्हणाला, "ताई, तुम्ही मय समजीसन जे घशी काढं, ती कल्हई व्हती." अल्पनाने मान खाली घातली. नवसागराचा धूर निघाला, कथील फिरलं. मी आतून पुन्हा पांढरा झालो. चांदनी सगळा वेळ तिथे उकिडवी बसून पाहत होती, आणि धुराने डोळे चुरचुरले तरी हलली नाही.

सामायिक मोडल्याचं दादीसांनी स्थानकात जाऊन तिथल्या साध्वी महासतीजींना स्वतःच सांगितलं. त्यांना प्रायश्चित्त म्हणून जास्तीची अकरा सामायिकं मिळाली. त्या घरी येऊन म्हणाल्या की अकराच दिली, मी तर जास्त धरून गेले होते.

मित्रांनो, तुमच्याही घरी माळ्यावर माझा एखादा भाऊ किंवा बहीण पडलेली असेल. तिला जरूर खाली काढा, घासा, मिरवा. पण तिला चुलीवर चढवण्याआधी एकदा वाकून आत पाहा. पांढरं दिसलं तर खुशाल रांधा. पिवळं दिसलं तर कितीही सुंदर असो, थांबा. बाहेरची चमक सगळे पाहतात. आमच्या आत डोकावणारं घरात एक जरी माणूस असलं, तरी आमच्यासारख्यांना पुरतं.

मार्चच्या सुरुवातीला रमिलाबाईने हंगामातली शेवटची फळं आणली. पुन्हा सगळे जमिनीवर बसून निवडू लागले, पुन्हा मयंकचे गाल फुगले. दादीसांनी घडी उलटी केली आणि अकरापैकी सातव्या सामायिकाला बसल्या. अल्पनाने मला उचलून गॅसवर ठेवलं. ठण्ण आवाज झाला. मधल्या खोलीत माळ थांबली. भीतीने माझं अंग गार पडलं, कल्हई होऊन पंधरा दिवससुद्धा झाले नव्हते तरी.

चांदनीने पाट ओढला, त्यावर चढली, आईला थांबवलं आणि माझ्यात चक्क डोकं घातलं. तिचा श्वास मला आत लागला. तिने चारही बाजू पाहिल्या, तळाला नख लावून पाहिलं. मग डोकं बाहेर काढून ती मधल्या खोलीकडे वळली.

"दादीसा," ती म्हणाली, "पांढरं आहे."

दादीसा काही बोलल्या नाहीत, सामायिकात बोलत नाहीत. पण त्यांच्या बोटांत माळ पुन्हा फिरू लागली.